मुनाफचे फासे

हातात सुरमईची पिशवी घेऊन केरू खोलीच्या दाराशी पोचला, तेव्हा आतून फासे पडल्याचा आवाज आला आणि कडीकडे गेलेला त्याचा हात तिथंच राहिला. आवाज ओळखायला वेळ लागला नाही. खिडकीतल्या एसीची घरघर चालू असली तरी प्लायवूडवर पडणाऱ्या फाशांचा आवाज तिच्यातून बरोबर वर येतो. आधी टक, मग थोडं गडगडणं, मग गप्प. पण हा आवाज या खोलीत केरूशिवाय कुणी करूच शकत नव्हतं. मुनाफ फाशाला हात लावत नसे. दोन वर्षं दर जुम्म्याला दोघं समोरासमोर बसून शिशाच्या शिपायांची लढाई खेळत आले होते आणि दोघांचेही फासे केरूच टाकत आला होता. आपले आपल्यासाठी आणि मुनाफचे मुनाफसाठी. म्हणजे आत कुणीतरी तिसरा होता आणि तो मुनाफचे फासे टाकत होता. सिमेंटची धग चपलेतून वर येत होती, पिशवीतलं पाणी ठिबकून अंगठ्यावर पडत होतं, दुपारच्या उन्हात सौदीतल्या यान्बूचा तो सगळा कॅम्प पांढराफटक पडला होता आणि केरू आपल्याच खोलीबाहेर परक्यासारखा उभा राहून आत कोण हसतंय ते ऐकत होता. मुनाफचं हसणं त्यानं ओळखलं. दुसरं हसणं नवीन होतं.

त्यानं दार वाजवलं. आपल्याच खोलीचं दार आपण वाजवलं, हे त्याला मागाहून फार लागलं. आत अरविंद बसला होता. ऑफिसात नवा आलेला ड्राफ्ट्समन, सांगलीकडचा, डिप्लोमा झालेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा, सुट्टीच्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घालणारा. तो केरूच्या कॉटवर, केरूच्या जागी, निळ्या शिपायांच्या बाजूला बसला होता, आणि दाराकडे बघून त्यानं मोठ्या अगत्यानं म्हटलं, "या, या केरूभाऊ, बसा." केरूला केरूच्याच खोलीत बसा म्हणणारा हा पहिलाच माणूस.

"हा विचारत होता कसां खेळतात तां," मुनाफ म्हणाला. "म्हटलं, तू येईस्तवर जरा दाखवूया."

"आणि फासे?"

"फासे त्यानं टाकले. मी कशाला हात लावतंय?"

हे मुनाफनं अगदी सरळपणे सांगितलं. आपण नियम मोडला नाही, केरूनं निश्चिंत असावं, अशा सुरात. केरूनं सुरमई सिंकमध्ये टाकली आणि पाठमोरा उभा राहून ती खवलायला घेतली. खवले उडून भिंतीवर चिकटत होते. इतक्या जोरानं खवलायची काही गरज नव्हती.

तो डबा टर्नर साहेबानं दिला होता. साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला तेव्हा सामानाचं वजन जास्त भरत होतं. कुणाला त्यानं रेडिओ दिला, कुणाला बूट. केरू त्याच्या हाताखाली व्हॉल्व्हचं काम शिकलेला, म्हणून केरूला हा डबा. उघडून बघतो तर आत बोटाच्या पेराएवढे शिपाई. अर्धे लाल डगल्यांचे, अर्धे निळ्या. काही घोड्यांवर, काही तोफांपाशी वाकलेले, प्रत्येकाच्या कोटाला ठिपक्याएवढी बटणं रंगवलेली. सोबत चार फासे आणि नियमांचं एक पातळसं इंग्रजी पुस्तक. पोराबाळांचं खेळणं समजून केरू तो गावी आपल्या पोरीसाठी, शालनसाठी पाठवणार होता. मुनाफनं अडवलं. "थांब की," तो म्हणाला, "आधी बघूया तरी काय लिहिलंन् आहे." मुनाफ मॅट्रिकपर्यंत शिकलेला, केरू आयटीआय. दोघांची गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर. केरूच्या घरातून मुनाफच्या मशिदीचा मिनार दिसायचा आणि मुनाफच्या पडवीतून केरूच्या वाडीतली शिमग्याची होळी. पण ओळख झाली ती इथं, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या या प्लांटवर, वाफेच्या पाइपांखाली. पोटमाळ्यावर ठेवलेलं भांडं सापडावं तशी एकमेकांना ती दोन माणसं सापडली होती, आणि केरूच्या लेखी तरी त्यात तिसऱ्याला जागा नव्हती.

नियम लावायला त्यांना सगळा उन्हाळा लागला. पुस्तक हट्टी होतं. एका पानावर काही सांगायचं आणि चार पानांपुढे तेच फिरवायचं. मुनाफ वाक्य वाचायचा, केरू त्याचा अर्थ काय असेल ते ठरवायचा. टेकडीआडचा शिपाई तोफेला दिसतो की नाही, यावर दोन जुम्मे वाद झाला; शेवटी केरूनं प्लायवूडवर गाल टेकून, एक डोळा मिटून, तोफेच्या जागेवरून बघितलं आणि निकाल दिला. कांबळ्याच्या घड्यांच्या टेकड्या केल्या, काटेरी झुडपाच्या काटक्यांची झाडं केली, पाइपच्या सांध्यांना गुंडाळायची पांढरी टेप पसरून नदी केली. अंतर मोजायला फिटरची टेप होतीच. नदी आली तेव्हा मोठाच पेच पडला. घोडेस्वारांना नदी ओलांडता येते असं पुस्तक म्हणत होतं. मुनाफनं पुस्तक खाली ठेवलं आणि विचारलं, "भरतीला की ओहोटीला?" पुस्तकात त्याबद्दल अक्षर नव्हतं. दोघांनी पुनःपुन्हा शोधलं. इतकी बारीक बटणं रंगवणाऱ्या लोकांनी ही मोठी गोष्ट विसरावी याचं दोघांना खरोखर नवल वाटलं. मग त्यांनी आपला नियम केला: नदीवर जायच्या आधी फासा टाकायचा, सम पडला तर ओहोटी, विषम पडला तर भरती. आणि फासा टाकायची वेळ आली तेव्हा मुनाफनं हात मागे घेतला. "आमच्या अब्बांनी लहानपणीच फासे नि पत्ते दोन्ही बंद केलेत," तो म्हणाला. "तू टाक. माझेसुद्धा तूच टाक." त्या दिवसापासून केरू मुनाफचे फासे टाकू लागला. आपले टाकताना तो बेफिकीरपणे फेकायचा; मुनाफचे टाकताना मात्र दोन्ही हातांची ओंजळ करून, नीट हलवून, मध्यावर सोडायचा. आपल्याच शिपायांना मारणारा सहा आपल्याच हातून पडावा आणि आपल्याला त्याचं वाईट वाटू नये, ही गंमत त्याला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत कधी मिळाली नव्हती. नमाजाची वेळ झाली की मुनाफ सगळ्या लढाईवर चादर ओढायचा, कारण समोर बाहुले नकोत, आणि केरू बाहेर जाऊन बिडी ओढायचा. परत येऊन चादर काढली की लढाई होती तिथून पुढे चालू.

आणि चिठ्ठ्या. पुस्तकात लिहिलं होतं की चाल करण्यापूर्वी खेळाडूनं आपला हुकूम कागदावर लिहून द्यावा. कुणाला द्यावा हे त्या पानावर नव्हतं. केरूला मात्र शंका नव्हती. प्लांटवर काय करतात? एखादी वाफेची लाइन उघडायची तर आधी परमिट लिहायचं. केरू जाऊन व्हॉल्व्ह बंद करणार, पाणी काढून टाकणार, चाकाला लाल पाटी बांधणार आणि परमिटवर सही करणार. मग मुनाफ विचारणार, "बंद?" केरू म्हणणार, "बंद." आणि मुनाफ पान्हा लावणार. दुसऱ्या टोळीतल्या एका फिटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते ते याच पायी. सही करणारा व्हॉल्व्ह बंद न करताच केबिनमध्ये चहा पीत बसला होता. तेव्हापासून मुनाफ केरूच्या सहीशिवाय बोल्टला हात लावत नसे, आणि केरूची सही असली की वर जाऊन व्हॉल्व्ह बघतही नसे. तेव्हा केरूनं अर्थ लावला तो असा: चिठ्ठी समोरच्याला द्यायची, त्यानं वाचून सही करायची, मगच शिपाई हलवायचे. मुनाफला हे पटलं. ते दोन वर्षं एकमेकांना आधी सांगून एकमेकांवर चालून जात होते. "माझे घोडे पुलावरून येतात," असं मुनाफ लिहायचा, विचारायचा, "मोकळा?" आणि केरू पूल बघून सही करत म्हणायचा, "मोकळा." त्यात लढाई काय राहिली? कुणी विचारलं नव्हतं.

अरविंदनं विचारलं. सुरमई तळून झाली, तिघं जेवले, मुनाफनं मधला चांगला तुकडा पाहुण्याच्या ताटात वाढला, आणि हात धुऊन अरविंद ते पुस्तक घेऊन आडवा पडला. एखादं वर्तमानपत्र चाळावं तसं त्यानं ते अर्ध्या तासात संपवलं. मग उठून बसला आणि हसायला लागला. वाईट हसला नाही. वाईट हसला असता तर केरूला सोपं गेलं असतं. "अहो, चिठ्ठी अंपायरला द्यायची असते," तो म्हणाला. "मागच्या भागात आहे. दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहायची आणि अंपायरकडे द्यायची. त्याशिवाय डाव कसा टाकणार? सैन्य लपवायचीसुद्धा सोय आहे, बघा इथं. टेबलावर मांडायचंच नाही, फक्त लिहून ठेवायचं." मग टेपच्या नदीकडे बघून म्हणाला, "आणि नदीला भरती कुठली?"

मुनाफ हसला. हेच ते. अरविंद काय म्हणाला याचं केरूला पुढं इतकं काही वाटलं नाही. परका माणूस, त्यानं खाडी बघितलेली नाही. पण मुनाफ हसला. भरतीचा प्रश्न मुनाफनंच काढला होता, आणि आता तो मांडीवर हात मारून म्हणत होता, "अरे, खरंच की. येडेच आपण." आपण म्हणताना त्यानं केरूकडे बघितलंही, पण हसला तो अरविंदबरोबर. केरूही हसला. हसताना गालाचं कातडं ताणल्यासारखं झालं.

पुढच्या जुम्म्यापासून अरविंद अंपायर झाला. कुणी ठरवलं असं नाही. तो आला आणि दोघांच्या मध्ये, लोखंडी पेटीवर बसला. आता मुनाफ भिंतीकडे वळून चिठ्ठी लिहायचा, घडी घालायचा आणि ती घडी अरविंदच्या हातात जायची. अरविंद ती उघडून वाचायचा, भुवया वर करायचा, कधी नुसतंच "हं" करायचा. त्या "हं"मध्ये काय असेल याचा विचार करत केरू आठवडा काढी. मुनाफच्या मनात काय आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, ही गोष्ट त्याला चैन पडू देईना. शिवाय मुनाफचे फासेही आता अरविंद टाकी. अंपायरनं टाकलेले बरे, असं तो म्हणाला होता, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एका हातानं टाकी. सिगारेटची राख झटकावी तसे. केरूला ते बघवत नसे. नीट हलव तरी, ते मुनाफचे आहेत, असं ओरडावंसं वाटे आणि तो टेकडीचं कांबळं सारखं करत राही.

त्याला स्वतःलाच कळत होतं की हे बरं नाही. चाळिशीला आलेला बाप्या, गावी बायको-पोर, आणि मत्सर कुणाचा, तर शिशाचे बाहुले खेळायला येणाऱ्या एका पोरसवदा माणसाचा. पण कळून काही उपयोग होत नव्हता. मत्सर त्याला नवा नव्हता. मागल्या सुट्टीत तो गावी गेला तेव्हा खाडीच्या तरीतून उतरताना काठावर बायको पारू उभी होती, भाऊ बाबाजी उभा होता आणि बाबाजीच्या खांद्यावर शालन बसली होती. केरूनं हात पसरले. पोरीनं त्याच्याकडे बघितलं आणि बाबाजीचे केस घट्ट धरले. सगळे हसले, पारूसुद्धा. "ओळखीची नाय अजून," बाबाजी म्हणाला, "होईल दोन दिसांत." झालीही. पण त्या दोन दिवसांत केरूनं बाबाजीवर नाही नाही ते खेकसून घेतलं होतं. कौलं का शाकारली नाहीत, गुरं का धुतली नाहीत. बाबाजी बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. घराचं सगळं करत होता तो. केरूला त्याची चूक सापडत नव्हती म्हणून तर राग येत होता. अरविंदचंही तसंच. अरविंदनं त्याला ऑफिसातून चांगली पेन्सिल आणून दिली. अरविंद त्याला केरूभाऊ म्हणे. मेसमध्ये मुनाफ आपलं ताट घेऊन अरविंदच्या टेबलाशी जाऊ लागला तेव्हा अरविंदच हात करून केरूला बोलवायचा, आणि केरू आपल्याला भूक नाही असं सांगून आमटीभात तसाच टाकून उठायचा. मग खोलीवर येऊन खबूसची रोटी आणि लोणचं खायचा. लांबून बघितलं तर त्या दोघांची डोकी एकमेकांजवळ असायची, हळू बोलायचे. केरू आला की विषय बदलायचा. मत्सरी माणसाला असल्या गोष्टी दिसायला डोळे लागत नाहीत.

अशात तबूकची बातमी आली. कंपनीला तबूकला नवं काम मिळालं होतं आणि मुनाफला फोरमन करून पाठवणार होते. तिकडे थंडी पडते म्हणे, झाडं आहेत, खोल्या पक्क्या. जाताना आपल्या पसंतीचा एक माणूस घेऊन जायची त्याला मुभा होती. हे केरूला मुनाफनं स्वतः सांगितलं, प्लांटवर, पाइपच्या सावलीत पाणी पिताना. "एक माणूस नेता येतो," असं म्हणून तो थांबला आणि केरूकडे बघत राहिला. त्याच क्षणी केरूनं मी येतो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण दोन वर्षं बरोबर काढल्यावर आपण मागायचं? त्यानं म्हणायला नको, की केरू, बांध बोचकं? आणि मग केरूला मेसमधली ती जवळ आलेली डोकी आठवली. "ड्रॉइंगं वाचणारा माणूस लागेल तुला," तो म्हणाला. "शिकलेला." मुनाफनं ग्लास उपडा करून उरलेलं पाणी वाळूत टाकलं. "बघूया," तो म्हणाला. वाळूवरचा डाग बघता बघता सुकला.

त्या आठवड्यात केरूनं कधी नव्हे ते पुस्तक एकट्यानं वाचलं. शब्द अडला की अंदाज करी, अंदाज चुकला की परत मागे येई. सैन्य लपवायचं कलम त्यानं इतक्या वेळा वाचलं की पानाची कड काळी झाली. तोफा झाडीमागे आहेत हे आधी कागदावर लिहून ठेवायचं, टेबलावर काही मांडायचं नाही. शत्रू टप्प्यात आला की कागद दाखवायचा आणि तोफा तिथं ठेवायच्या. त्याला ते कलम आवडायला लागलं. कामावर पाटी बांधताना, जेवताना, न्हाताना त्याच्या मनात त्या न मांडलेल्या तोफा असायच्या. आपल्या मनात काय आहे हे आता मुनाफला कळणार नाही, ते कळलं की तो असा चमकेल, मग अरविंदकडे नाही, माझ्याकडे बघेल. बस्, एकदा त्यानं तसं बघावं, एवढंच केरूला हवं होतं. निदान तो स्वतःला तसं सांगत होता.

जुम्म्याला अरविंद यायला उशीर झाला. मुनाफ नमाजाहून आला, टोपी खुंटीला अडकवली, आणि बराच वेळ मांडलेल्या शिपायांकडे बघत बसला. लाल घोडेस्वार टेकडीवर होते; त्या टेकडीला ते दोघे वरची वाडी म्हणत. तिच्यावरून एक रस्ता काटक्यांच्या झाडीजवळून खाली पुलाकडे येत होता. झाडी रिकामी दिसत होती.

"अरविंदची वाट कशाला बघायची?" मुनाफ म्हणाला. "आज आपली पहिली पद्धत. फासेसुद्धा तूच टाक. हा एका हाताने टाकतो, मना नाय आवडत."

तर हे मुनाफनंही पाहिलं होतं. इतके दिवस पाहिलं होतं आणि बोलला नव्हता. केरूला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ त्याहून जास्त राग आला. आता सांगतोस? जायच्या वेळी? मेसमध्ये त्याच्याशी कानगोष्टी करून झाल्यावर आता मला फासे देतोस? त्याचा स्वतःचा कागद आधीच लिहून मोजायच्या टेपखाली उपडा ठेवलेला होता. मुनाफनं पेन्सिल घेतली. भिंतीकडे वळला नाही. समोरच, केरूला दिसेल असं लिहिलं: माझे सगळे घोडे वाडीवरून खाली उतरतात, झाडीच्या रस्त्यानं पुलावर येतात. आणि चिठ्ठी सरकवली. ती चाल काही फार शहाणपणाची नव्हती. टेकडी सोडून असं खाली कुणी येत नाही, त्याला जवळ यायचं असल्याशिवाय.

"मोकळा?" मुनाफनं विचारलं.

केरूनं रस्त्याकडे बघितलं. गाल टेकून, एक डोळा मिटून बघितलं, नेहमी बघायचा तसं. प्लायवूड थंड होतं. झाडी रिकामी होती. तोफा टेपखालच्या कागदात होत्या. पुस्तकाप्रमाणे त्यानं काही सांगायला बांधलेलं नव्हतं, आणि हे पुस्तक अरविंदनं वाचलं होतं, आणि त्या वाचण्यावर मुनाफ हसला होता. त्यानं मान वर केली.

"मोकळा," केरू म्हणाला आणि त्यानं सही केली.

मुनाफनं घोडे उतरवले. एकेक उचलून, टेपनं मोजून, अंगठ्यानं नीट बसवून. शेवटचा घोडा झाडीपाशी आला तेव्हा केरूनं आपला कागद उलटला, डब्यातून तोफा काढल्या आणि काटक्यांमागे ठेवल्या. मग फासे टाकले. चांगले पडले, आयुष्यात इतके चांगले पडले नव्हते. लाल घोडे त्यानं एकामागून एक आडवे केले. मुनाफच्या हातात ती सही केलेली चिठ्ठी होती. तो टेबलाकडे बघत नव्हता. चिठ्ठीकडे बघत होता. मग त्यानं केरूकडे बघितलं. केरूला हवं होतं ते हे बघणं नव्हतं.

"सही केलीस तू," मुनाफ म्हणाला.

"नियम आहे तो. पुस्तकात आहे."

"हो. असेल." मुनाफनं चिठ्ठीची घडी घातली. "सही केलीस, एवढंच म्हणालो."

तेवढ्यात अरविंद आला. हातात मिठाईचा पुडा होता आणि चेहरा फुललेला. "केरूभाऊ, तोंड गोड करा आधी. घरी जायचा एक्झिटचा शिक्का मिळाला. हे मुनाफभाईंना ठाऊक होतं, त्यांना म्हटलं, हातात पासपोर्ट येईपर्यंत कुणाला बोलू नका. एकदा कफीलच्या, आपल्या इथल्या मालकाच्या कानावर गेलं असतं तर अडकवलं असतं मला. लग्न ठरलंय हो. पुढच्या आठवड्यात सांगली." त्यानं टेबलाकडे बघितलं, आडवे पडलेले घोडे बघितले आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा, अँबुश! दबा धरणं जमलं की तुम्हाला." केरूच्या तोंडात पेढा होता. मुनाफनं अरविंदच्या पाठीवर थाप मारली, शुभेच्छा दिल्या, मग उठून चादर घेतली आणि लढाईवर ओढली. नमाजाला अजून अवकाश होता.

सकाळी प्लांटवर ऊन चढायच्या आत तिसऱ्या बॉयलरची लाइन उघडायची होती. केरूनं शिडी चढून व्हॉल्व्ह बंद केला. चाक फिरेना इतकं आवळलं, मग दांड्यानं आणखी आवळलं. पाणी काढून टाकलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत उभा राहिला. लाल पाटी बांधली, गाठीवर गाठ मारली. इतकी काळजी त्यानं कधी घेतली नव्हती, म्हणजे घेतली होती, रोजच घेत होता, पण आज ती घेताना त्याला आपले हात दिसत होते. खाली येऊन त्यानं परमिटवर सही केली आणि कागद मुनाफपुढे धरला. मुनाफ पाइपखाली उकिडवा बसला होता, पान्हा मांडीवर. तबूकला कुणाचं नाव दिलं ते केरू विचारणार होता. रस्ताभर वाक्य जुळवत आला होता. मी येतो, म्हणणार होता.

"बंद?" मुनाफनं विचारलं.

"बंद."

मुनाफनं कागद घेतला. सही बघितली. मग पान्हा खाली ठेवला, उठला, हातमोजे झटकले आणि शिडीकडे गेला. केरू बघत राहिला. मुनाफ सावकाश वर चढला, चाकाशी वाकला, दोन्ही हातांनी ते फिरवून बघितलं. पाटीची गाठ ओढून बघितली. पाइपला हाताची मागली बाजू लावून बघितली. मग तसाच सावकाश खाली आला, केरूकडे न बघता जागेवर बसला आणि बोल्टला पान्हा लावला. बोल्ट सैल झाला, मग दुसरा, मग तिसरा. सांधा उघडला. आतून वाफ आली नाही, पाणी आलं नाही. लाइन बंदच होती.